तीर्थ घातलेल्या बाटल्या

मित्रांनो, जबलपूरच्या राइट टाउनमधल्या एका घराच्या मागच्या खोलीत उभा असलेला जुना ऑटोक्लेव्ह तो मीच. घरचे मला कुकर म्हणतात, म्हणोत बापडे! दाबाच्या वाफेनं बाटल्या, चिमटे, सुऱ्या निर्जंतुक करायच्या, हे माझं काम. माझी कहाणी गोड नाही. माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

एका कॉलेजात मी बरीच वर्षं राबलो, मग अडगळीत पडलो. तिथून मला विनतानं आणलं. ती या घरची सून. तिनं मला घासलं, झाकणाला नवं रबर बसवलं आणि टिश्यू कल्चर सुरू केलं. अँथुरियमच्या पानाचा नखाएवढा तुकडा बाटलीतल्या जेलीसारख्या खाद्यावर ठेवायचा आणि त्यातून रोपं वाढवायची. बाहेरचा एखादा जंतू आत गेला की बुरशी आलीच, खेळ खलास! म्हणून ती खोलीत कुणाला फिरकू देत नसे.

तिच्या आईनं लावलेलं एक गुलाबी अँथुरियम होतं. आई गेली, आणि पुढच्याच उन्हाळ्यात लूच्या गरम वाऱ्यानं ते झाडही नेलं. त्याच्या पानांपासून रॅकवरच्या बाटल्यांत वाढत होतं, तेवढंच उरलं.

खंडेनवमी आली. विनता झेंडू आणायला सदर बाजारात गेली होती. मुहूर्त टळेल म्हणून तिचे सासरे भय्यासाहेब एकटेच पूजेचं ताट घेऊन आत शिरले. मला गंध लावलं, उदबत्ती ओवाळली. इथवर माझी ना नव्हती. पण मग त्यांची नजर रॅककडे गेली. "ही रोपंही लेकरंच. नर्मदा मैयाचं जल यांनाही पाहिजे," म्हणत त्यांनी एकेक झाकण उघडलं आणि प्रत्येक बाटलीत पळीभर तीर्थ घातलं! मी थंडगार उभा. ओरडणार तरी कसा?

विनता परतली ती दारातच थबकली. "मामाजी, काहून उघडल्या बाटल्या?"

"अच्छा! आता मैयाच्या पाण्यातही दोष दिसून राहिला का तुला?"

तिनं कोंब धुतले, नव्या बाटल्यांत घातले. काही उपयोग झाला नाही. आठवड्यात सगळीकडे काळी-पांढरी बुरशी चढली. आणि भय्यासाहेब काय म्हणाले? "तुझा कुकरच बेकार झाला. वाफ धरत नसेल." मी? करून सवरून हे नामानिराळे, आणि खापर माझ्या माथ्यावर!

सडलेल्या बाटल्या तशाच धुवायच्या नसतात, आधी त्यांतले जंतू वाफेत मारावे लागतात. विनतानं त्या एकेक करून माझ्यात उतरवल्या. एकीत अजून हिरवं पान होतं. ती तिनं उजेडाला धरून पाहिली.

"एक तरी ठेव ना, बेटा," भय्यासाहेब दारातून हळूच म्हणाले.

"तिच्यातही बुरशी आहे, मामाजी. माझ्या आईचं एवढंच उरलं होतं," ती म्हणाली आणि तीही बाटली आत ठेवून तिनं झाकण आवळलं.

मित्रांनो, माया करायची तर आधी विचारून करा. दुसऱ्यानं जिवापाड जपलेल्या वस्तूला हात लावताना तुमची श्रद्धा पुरत नाही. त्या दिवशी मी वाफ धरली, पुरेपूर धरली, आणि तिच्या आईचं झाड माझ्याच पोटात शिजलं.