केळ्यात सगळं आहे

माझ्या भावाचा, सेंटोंगोचा, केळ्यांचा घड प्रदर्शनात पहिला आला आणि त्याचे पाय जमिनीला लागेनासे झाले. येणाऱ्याजाणाऱ्याला बसवून घ्यायचा आणि रेडिओवर ऐकलेलं घडाघडा म्हणून दाखवायचा. केळ्याने हृदय नीट चालतं, रक्तदाब ताब्यात राहतो, पोट साफ होतं. शेवट ठरलेला: केळ्यात सगळं आहे, आपण बागांडा लोक उगाच नाही तगलो.

आणि ह्या तगलेल्या माणसाची पोर, नाबुकीरा, अंगणात केळीच्या पानावर बसून असायची. चालायला लागलेली पोर पुन्हा बसली होती. रडली तरी आवाज निघायचा नाही. पाय सुजलेले, बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहायचा. केस तांबूस आणि विरळ झाले होते. नालुंगाला, माझ्या भावजयीला, पुन्हा दिवस गेले तसं तिने पोरीचं अंगावरचं दूध तोडलं. तेव्हापासून पोरीच्या पोटात दोन्ही वेळा नुसतं माटोके, पानात वाफवून दाबलेली कच्ची केळी. तेही नालुंगाने आधी स्वतः एक घास खाऊन दाखवला तरच ती तोंड उघडायची.

घरात दुसरं काही नव्हतं असं नाही. शेंगदाणे आणि घेवडा बाजारात जायचा, अंडी उबवायला ठेवायची, कोंबडी पाहुण्यांची आणि पुरुषांची. आमच्यात बायका कोंबडीला तोंड लावत नाहीत. लावलं तर बाईने लाज सोडली म्हणतात. पोर सुजली तर मात्र कुणाची लाज जात नाही.

मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सने मला बजावलं होतं की पोरीला अंडं, दूध, घेवडा, मांस काहीतरी द्या, नाहीतर ती हातची जाईल. मी ते भावाला सांगितलं. तो म्हणाला, पोटातल्या बाळाची ऊब लागलीय तिला, नालुंगा बाळंत झाली की सूज उतरेल. शिवाय नर्स परमुलखातली, तिला माटोके काय कळणार. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

त्या रविवारी शेतीखात्याचे मुकीबी साहेब जेवायला येणार होते. त्यांच्यासाठी लाल कोंबडा कापला. पुरुषांना एकेक लुवोंबो, म्हणजे केळीच्या पानाच्या पुरचुंडीत रश्श्यासकट वाफवलेली कोंबडी. नालुंगा अवघडलेल्या पोटाने गुडघ्यांवर बसून पुरुषांच्या हातावर पाणी घालत होती आणि माझा भाऊ साहेबांना घडाची उंची हाताने दाखवत होता.

मी पोरीला कडेवर घेऊन आत गेले आणि साहेबांसमोर बसवली. म्हटलं, साहेब, तुम्ही शिकलेले आहात, एवढं सांगा. केळ्यात सगळं आहे का?

साहेबांनी पोरीचा पाय हातात घेतला. बोटाने दाबून पाहिला. मग म्हणाले, "बाई, केळं चांगलंच आहे. ताकद देतं, आणि रेडिओवर सांगतात ते खोटं नाही. पण अंग भरायला प्रोटीन लागतं, ते केळ्यात नावाला असतं. केळ्याच्या जोडीला दुसरं काही दिलं नाही तर पोर अशी होते."

"ऐकलंस?" मी भावाला विचारलं.

"ताई, पाहुण्यांसमोर तमाशा नको."

"तमाशा तू मांडलायस. रोज अंगणात बसवतोस."

आमच्याकडे भावाच्या लेकीवर आत्याचा शब्द चालतो. लग्नात चालतो, मग जगण्यात का चालू नये? मी त्याची पुरचुंडी त्याच्यासमोरून उचलली. साहेबांच्या पानाला हात लावला नाही, पाहुणा तो पाहुणा. पुरचुंडी सोडली, मांस बारीक कुसकरलं, रश्श्यात भिजवलं आणि पोरीच्या ओठांशी नेलं.

तिने तोंड मिटून घेतलं. पुन्हा नेलं, तर मान फिरवली. भावाला हसू आलं. ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"बघ, तिलाही कळतं," तो म्हणाला.

मी रडकुंडीला आले होते. तेवढ्यात नालुंगाने पाण्याचा चंबू खाली ठेवला. गुडघ्यांवरच सरकत माझ्याजवळ आली.

"वन्सं, द्या इकडे. मी खाल्ल्याशिवाय ती खायची नाही."

"नालुंगा," भाऊ म्हणाला. बायकोचं नाव घेऊन त्याने एवढीच ताकीद दिली. एरवी तेवढी पुरायची.

तिने कोंबडीचा घास तोंडात घातला. तो तिने थांबून थांबून चावला, पोरीला दिसेल असा. साहेब आपल्या पानाकडे बघत होते. नाबुकीरा आईच्या जबड्याकडे बघत राहिली. मग तिने तोंड उघडलं.

एक घास गेला. जरा वेळाने दुसरा गेला. नालुंगा स्वतः खात होती आणि भरवत होती, आणि नवऱ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

सेंटोंगोच्या पुढ्यात वाफाळतं माटोके तेवढं उरलं होतं, पहिल्या नंबरच्या घडाचं. तो माझ्याकडे बघत होता. मी ते त्याच्या आणखी जवळ सरकवलं.

"खा," म्हटलं. "केळ्यात सगळं आहे."