गुणगुणत्या कोठीचा आकडा

चाळीस माणसं धान्याच्या रिकाम्या पोलादी कोठीत गोल करून बसली होती आणि मधोमध उभा राहून ब्रदर वेन्डेल क्राऊस डोळे मिटून गुणगुणत होता. गोल भिंतींवरून तो आवाज फिरून फिरून परत येई, इतका की खुर्च्यांचे पाय थरथरत. कॅरागाना गावातल्या प्रत्येकाने लहानपणी रिकाम्या कोठीत डोकं घालून हाका मारलेल्या होत्या. तेव्हा तो नुसता प्रतिध्वनी होता. वेन्डेलने आत खुर्च्या मांडल्या आणि त्याचा प्रसाद झाला.

"ऑस्कर, हात वर कर," वेन्डेल म्हणाला.

तीन वर्षं आखडलेल्या खांद्याच्या ऑस्कर फ्रीसेनने हात उचलला. तो थेट कानापर्यंत गेला. बायकांनी डोळे पुसले. तोच हात आदल्या दिवशी ट्रकच्या टपावर शिडी बांधताना कानाच्याही वर गेला होता, पण तेव्हा टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

"हे मी केलं नाही बरं," वेन्डेल म्हणाला. "मी कोण? विहिरींचे पंप दुरुस्त करणारा माणूस. आणि माझ्यावर विश्वास ठेवा असंही मी म्हणत नाही. विज्ञानावर ठेवा." त्याने खिशातून कागद काढून डोक्यावर धरला. "दोनशे बारा रुग्णांची पाहणी. प्रत्येकाला वीस प्रश्न, उत्तर एक ते पाच. आणि विश्वासार्हता किती आली? शून्य पूर्णांक नव्याण्णव. मोठमोठ्या इस्पितळांना ऐंशी मिळाले तर ते केक कापतात. आपल्याला नव्याण्णव मिळालेत, मित्रहो. तो उरलेला एक देवाने स्वतःकडे ठेवलाय."

"नव्याण्णव," माणसं एकमेकांत पुटपुटली. कशाचे नव्याण्णव, हे कुणीच विचारलं नाही. बोलेल त्याची बोरं विकतात, आणि वेन्डेल तर बोरांचं झाडच तोंडात धरून बोलत होता.

कोठीच्या दाराशी साय ठेवायचा एक जुना पत्र्याचा कॅन होता. बरं वाटलेल्याने आपल्या गोळ्यांच्या बाटल्या त्यात टाकायच्या, अशी रीत वेन्डेलने पाडली होती. बाटली पडली की तो म्हणे, "आणखी एक बेडी तुटली."

मागच्या खुर्चीवर नॅडिया होलोवाटी त्या कॅनकडे बघत बसली होती. एकसष्ट वर्षांची ही बाई प्रांताच्या आरोग्य खात्यात तीस वर्षं पाहण्यांचे तक्ते तपासून निवृत्त झाली होती. तिचा धाकटा भाऊ मायरन याने नोव्हेंबरात हृदयाच्या गोळ्या त्या कॅनमध्ये टाकल्या, आणि मार्चमध्ये तो ट्रॅक्टरच्या शेडमध्ये पडलेला सापडला. वेन्डेल अंत्यविधीला आला होता. त्याने स्तोत्र म्हटलं, कोबीच्या पानातल्या चार होलुब्त्सी खाल्ल्या आणि जाताना नॅडियाचा हात दाबून म्हणाला, "मायरनने फार उशिरा सुरुवात केली हो." त्या दिवसापासून नॅडियाला दुसरं काही सुचत नव्हतं. तिला न्याय वगैरे नको होता. तिला वेन्डेल हवा होता, साऱ्या गावासमोर, तोंड लपवायला जागा नसलेला.

बाहेर आल्यावर मायरनची बायको लिलियन तिच्या शेजारून चालू लागली.

"रविवारी हॉलमध्ये जेवण आहे," लिलियन म्हणाली. "त्या दिवशी मी पण माझ्या टाकणार."

"कसल्या? रक्तदाबाच्या?"

"हो. आणि आता भाषण नको, नॅडिया. तुझ्या खात्यानेही कधी नव्याण्णव काढले नसतील."

"लिलियन, अगं मायरन..."

"मायरनला वेळ मिळाला नाही. मला मिळालाय."

पालथ्या घड्यावर पाणी. ज्या आकड्याने ही बाई बांधली गेली होती, तो आकडाच फोडल्याशिवाय इलाज नव्हता. नॅडिया तशीच मागे फिरली आणि खुर्च्या आवरणाऱ्या वेन्डेलसमोर उभी राहिली.

"मला तो कागद बघायला मिळेल का? पूर्ण?"

वेन्डेलला वाटलं, मासा गळाला लागला. "घ्या ना बाई, अख्खी फाईल घ्या. विज्ञान कधी काही लपवत नाही." त्याने संगणकाने छापलेली सगळी अकरा पानं तिच्या हातात दिली. बिचाऱ्याने स्वतः त्यातली एकच ओळ वाचली होती, शेवटची.

बुधवारी दुपारी को-ऑपच्या दुकानात कॉफीच्या टेबलावर नॅडियाने ती पानं उघडली. तीस वर्षांच्या सवयीने तिने शेवटच्या आकड्याकडे पाहिलंच नाही. आधी प्रश्न वाचले, मग प्रत्येक प्रश्नासमोरची सरासरी, आणि मग तो रकाना ज्याच्याकडे कुणी बघत नाही: माणसामाणसाच्या उत्तरांत किती फरक पडला. दोनशे बारा माणसं म्हटली की फरक पडायचाच. एका घरात दोन माणसांचं चहातल्या साखरेवर एकमत होत नाही.

प्रश्न चौदा: 'आता मला गोळ्यांची गरज नाही.' सरासरी पाच. फरक शून्य.

तिने कप खाली ठेवला. वरच्या बाजूला बारीक अक्षरांत यंत्राने स्वतःच लिहिलं होतं की, या प्रश्नाच्या उत्तरांत काहीही फरक नसल्याने तो मोजणीतून वगळला आहे. म्हणजे ज्याच्या जिवावर कॅन भरत होता, तो प्रश्न नव्याण्णवाच्या हिशेबात नव्हताच.

पुढचं पान त्याहून गोड निघालं. प्रश्न तीन: 'मला रात्री गाढ झोप लागते.' प्रश्न नऊ: 'दुखण्यामुळे मी रात्रभर जागा असतो.' जाणकार लोक असे उलटसुलट प्रश्न मुद्दाम घालतात. पहिल्याला पाच म्हणणारा शहाणा माणूस दुसऱ्याला एक म्हणतो. इथे ज्यांनी पहिल्याला पाच दिले, त्यांनी दुसऱ्यालाही पाचच दिले होते. चार देणाऱ्यांनी चार. हिशेबाआधी उलट्या प्रश्नाचे आकडे कुणी रीतसर उलटवले असतील, पाचाचा एक केला असेल, तरच हे जुळणं रास्त ठरलं असतं. वेन्डेलने कुठल्याशा इस्पितळाची प्रश्नावली जशीच्या तशी उचलली होती आणि त्यातली मेख त्याला दिसलीच नव्हती.

नॅडिया एकटीच हसली, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने वळून पाहिलं. लिलियनचं घर तिथून दोन गल्ल्या लांब होतं. जावं आणि सांगावं, असं नॅडियाच्या मनात आलं. पण लिलियनला एकटीला सांगितलं तर ती वेन्डेलला विचारणार, वेन्डेल सावध होणार, रविवार हातचा जाणार. लिलियन गोळ्या रविवारी टाकणार होती, अजून चार दिवस होते. नॅडियाने पानं पर्समध्ये घातली आणि गाडी स्वतःच्या घराकडे वळवली.

रविवारी हॉल गच्च भरला. लांब टेबलांवर बटाटा भरलेल्या उकडलेल्या पेरोगी, कांदा घातलेलं सॉसेज आणि रुबार्बच्या आंबट देठांची भाजलेली गोड पाई मांडली होती. कॅन मंचावर आणून ठेवला होता. वेन्डेलचं नव्याण्णव म्हणून झाल्यावर नॅडिया उभी राहिली.

"ब्रदर वेन्डेल, मी तुमची फाईल वाचली. असे आकडे मी तीस वर्षांत पाहिले नाहीत."

वेन्डेल फुलला. "ऐका. हे सरकारी आरोग्य खात्याचं माणूस बोलतंय."

"एक शंका आहे. आकडे काढण्याआधी तुम्ही उत्तरांत काही फिरवाफिरव केलीत का? कुठे पाचाचा एक केलात, एकाचा पाच?"

"छे, छे." वेन्डेलने छातीवर हात ठेवला. "आम्ही आकड्यांना हात लावत नाही, बाई. फॉर्मवर होतं तेच शुद्ध, जसंच्या तसं."

"सगळ्यांनी ऐकलं ना?" नॅडियाने मागे वळून विचारलं. "हात लावलेला नाही. ऑस्कर, तुला रात्री झोप गाढ लागते?"

"दगडासारखी."

"म्हणजे पाचपैकी पाच. आणि दुखण्यामुळे रात्रभर जागा असतोस?"

"अगं, आत्ताच म्हटलं ना झोपतो म्हणून? दोन्ही कसं करू?"

हॉलमध्ये हशा पिकला. "तुला नाही जमत," नॅडिया म्हणाली. "पण इथे दोनशे बारा माणसांना जमलंय. जे गाढ झोपतात, तेच रात्रभर जागे असतात." तिने ते पान पहिल्या टेबलावर ठेवलं. माणसं काटे-चमचे सोडून वाकली.

"फॉर्म भरताना लोक गोंधळतात," वेन्डेल म्हणाला.

"गोंधळले तर उत्तरं विस्कटतात, जुळत नाहीत. तुमची नव्याण्णव जुळलीत. विश्वासार्हता म्हणजे खरेपणा नव्हे, वेन्डेल. उत्तरं एकमेकांशी जुळतात का, एवढंच तो आकडा सांगतो. बंद पडलेल्या घड्याळाला वीस वेळा वेळ विचारा, वीसही उत्तरं जुळतील." ती पुन्हा लोकांकडे वळली. "हा फॉर्म कुणी कुणी भरलाय? हात वर करा."

कुणी हललं नाही. मग ऑस्कर म्हणाला, "मी नऊ वेळा कोठीत बसलो. मला कुणी फॉर्म दिला नाही. मला वाटलं, बाकीच्यांनी भरला असेल."

"मला वाटलं तू भरलास," त्याच्या मागून कुणीतरी म्हणालं. "गुप्त असतो म्हणाले, म्हणून मी विचारलं नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली, तर आत एकही फॉर्म नव्हता.

"मग आता प्रश्न चौदा. 'मला गोळ्यांची गरज नाही.' दोनशे बाराजणांनी पाच दिलेत, एकानेही चार दिले नाहीत. इथे कोण अजून गोळ्या घेतं?"

आधी ऑस्करचा हात आला, थायरॉईडसाठी. मग चोरटेपणाने एकेक करत निम्मा हॉल. वेन्डेलच्या कपाळावर घाम आला.

"मी त्यांच्या मनातलंच लिहिलं," तो म्हणाला. "माणूस कोठीतून बाहेर आला की चेहऱ्यावर दिसतं ना. वीस-वीस प्रश्न कोण वाचत बसतो? एकदा पाच लिहिला की हात सरळ खाली जातो. कुणाला पाच, कुणाला चार. गोळ्यांना मात्र सगळ्यांना पाच."

 नॅडिया मंचापाशी गेली. याच क्षणासाठी ती मार्चपासून जगत होती.

"माझ्या भावाचा भरलास?"

"नॅडिया, ते राहू दे."

"मायरनचा भरलास का?"

"यादीत सगळेच होते."

"कधी?"

"एप्रिलमध्ये. सगळे एका दमात केले."

"एप्रिलमध्ये," नॅडिया म्हणाली. "माझा भाऊ जमिनीखाली जाऊन महिना झाला होता आणि तू त्याच्या नावावर लिहिलंस, मला रात्री गाढ झोप लागते. किती दिलेस त्याला?"

वेन्डेल खाली बघत काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने सांग. बेड्या तोडताना मोठ्याने बोलतोस."

"पाच," वेन्डेल म्हणाला.

खुर्च्या मागे सरकल्या. ऑस्करने त्याच गुण आलेल्या हाताने वेन्डेलची कॉलर धरली आणि कुणीही त्याला सोड म्हटलं नाही. वेन्डेल रडायला लागला. नॅडियाने ते रडणं पूर्ण बघितलं, घाई न करता. तिला ते गोड लागलं, आणि हे तिने पुढे कधी नाकारलं नाही.

"नॅडिया." लिलियन टेबलाला धरून उभी होती. चेहरा लाल झाला होता. "तुला हे कधी कळलं?"

"बुधवारी."

"मी गुरुवारी टाकल्या."

"रविवारी म्हणाली होतीस."

"गुरुवारी तो घरी आला, म्हणाला रविवारपर्यंत कशाला थांबतेस. सगळ्या टाकल्या." तिने डोकं दाबलं. "कालपासून ठणकतंय. मला वाटलं, विष उतरतंय. तोच म्हणाला तसं."

इस्पितळ बहात्तर किलोमीटरवर होतं. नॅडियाने ते अंतर कसं कापलं ते तिला आठवत नाही. नर्सने पट्टा बांधला, आकडा बघितला, पट्टा काढून पुन्हा बांधला. वरचा दोनशे तीस होता. लिलियन पाच दिवस तिथे राहिली. जीव वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटं बधिर राहिली.

पोलिसांनी वेन्डेलची फाईल आणि तो कॅन नेला. नॅडियाने दोन दिवस बसून त्यांना रकानान् रकाना समजावून दिला, एकही सोडला नाही. तिसऱ्या दिवशी ती लिलियनच्या खाटेशी बसली आणि वेन्डेलवर कोणकोणती कलमं लागणार ते सांगू लागली. लिलियनने सगळं ऐकून घेतलं.

"तो खोटारडा होता, त्याला माहीत होतं आणि गप्प बसला," ती म्हणाली. "तू खरी होतीस, तुला माहीत होतं आणि तूही गप्पच बसलीस. दोन गल्ल्या लांब राहत होते गं मी."

 नॅडियाने तिची बधिर बोटं हातात घेतली. लिलियनने ती काढून घेतली नाहीत. कदाचित तिला तो स्पर्श कळलाच नसेल.

शितावरून भाताची परीक्षा करावी, हे खरं. पण शितं भांड्यातलीच आहेत ना, हे आधी बघावं. उद्या तुमच्या गावात कुणी शेकड्यांचे आकडे नाचवत आला, तर त्याला विचारा: कुणाला विचारलंत? काय विचारलंत? इतक्या माणसांचं उत्तर एकच कसं आलं? सगळी पानं मागा आणि शेवटची ओळ शेवटी वाचा. औषध सोडायचं की नाही हे ज्याने ते दिलं त्या डॉक्टरला विचारा, टाळ्या वाजवणाऱ्यांना नको. आणि लबाडी तुमच्या ध्यानात आली, तर हॉल भरायची वाट बघू नका. ज्याचा जीव टांगणीला आहे त्याच्या दारावर त्याच दिवशी थाप मारा, तो ऐको वा न ऐको.