मेणाखालचा मैल

उताराच्या तोंडाशी सकाळपासून झुंबड उडाली होती. सायकली आडव्यातिडव्या टाकलेल्या, आणि जो तो हँडलवरच्या इवल्याशा, वेग दाखवणाऱ्या मीटरबद्दल बोलत होता.

"दहाचे सोळा झाले! पाय तेवढेच मारले, शपथेवर सांगतो!" खानावळवाला धापा टाकत म्हणाला.

मीटर मंतरून देणारे वेगबाबा डोळे मिटून हसले. "मैल माणसाचे, वेग आत्म्याचा! याच उताराच्या वळणावर गेला ना तो पोरगा? गेला कुठे? तुमच्या पाठीला हात लावून धावतोय!"

तो पोरगा म्हणजे गणिताच्या बाईंचा धाकटा भाऊ. वर्षापूर्वी ब्रेकची तार तुटली आणि तो सायकलसकट दरीत गेला. भुताखेतांवर बाईंचा काडीचा विश्वास नव्हता. पण तेव्हापासून मागे कुठे चेन कुरकुरली, की त्या वळून पाहायच्या.

बाबांची रीत ठरलेली. मीटर काळ्या कापडाखाली घ्यायचं, काहीबाही पुटपुटायचं आणि त्याच्या कोपऱ्यात काळ्या मेणाचा ठिपका लावायचा. "हा त्याचा डोळा. खरवडलात तर बिचारा जन्माचा आंधळा होईल हो!"

आज त्याची मुलगी, बाईंची भाची, उतार उतरणार होती. आजी, म्हणजे बाईंची आई, तिच्या सायकलला हात जोडून उभी, आणि सायकलवाला ब्रेक सोडवायला पाना घेऊन बसलेला.

"ब्रेकनंच दगा दिला त्याला," बाबा म्हणाले. "आता बाप सांभाळतोय, तर ब्रेक हवा कशाला?"

बाईंनी भाचीच्या सायकलचं हँडल धरलं. "थांबा. आधी मी सपाटीवर एक फेरी मारून येते."

"आत्या, माझे बाबा तुलाही मागून ढकलतील बघ," भाची म्हणाली. तिचे डोळे असे चमकत होते की बाईंना तिच्याकडे बघवेना.

पहिल्या मैलाच्या दगडापासून बाईंनी पायडल मारायला सुरुवात केली. रस्ता रिकामा, झाडं मुकी. मीटरवर सोळा. आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, काहीतरी टेकलं. थंडगार, पंजाएवढं. "तूच ना रे?" त्या पुटपुटल्या. फक्त चाकांची घरघर. मागे पाहायचं धाडस होईना. तो नसला तर?

दुसरा दगड आला. सायकलनं शाळेला जाताना त्या रोज याच दगडांपाशी घड्याळ पाहत. आजही पाहिलं. सहा मिनिटं. नेहमीचीच!

त्या थांबल्या. मैलाला सहा मिनिटं म्हणजे तासाला दहा मैल. मग सोळा कुठून आले? घामानं भिजलेली साडी पाठीला चिकटली होती, वाऱ्यानं गार पडली होती. बाईंना रडू फुटलं. पोटभर रडून झाल्यावर त्यांनी नखानं मेण खरवडलं. खाली बारीक अक्षरं होती: किलोमीटर.

त्या परतल्या आणि सायकल गर्दीत उभी केली. "इथले दगड मैलांचे, म्हणून तुम्ही सगळे मीटर मैलांतच ठेवता. बाबा कापडाखाली ते किलोमीटरवर नेतात. दहा मैल म्हणजेच सोळा किलोमीटर. आता एकूण अंतर बघा." मीटरमागचं बटण त्यांनी दाबलं. आठशे पाचचे पाचशे झाले. पुन्हा दाबलं, पुन्हा आठशे पाच.

"अरेच्चा, उभी सायकल तीनशे धावली!" खानावळवाला ओरडला. कुणीतरी हसलं.

"तुमचा भाऊ आंधळा होईल, बाई!" बाबा गरजले.

"माझा भाऊ मेलाय," बाई म्हणाल्या. "मलाही हात जाणवला. जाणवावासा वाटला, म्हणून जाणवला. गेलेल्याची ओढ खोटी नसते हो. पण त्या ओढीचं दावं करून कुणी आपल्याला दरीकडे नेत असेल, तर आधी विचारा, मोजा, मेण खरवडून पाहा."

सायकलवाल्यानं ब्रेक सोडवण्याऐवजी आवळायला घेतले. बाबांनी कापड गुंडाळलं आणि गर्दीतून वाट काढली. भाची मात्र आत्याशी बोलेना.

घरी आजी भिंतीला टेकून बसली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे दरीत पडला तेव्हा तो एकटाच होता का गं? शेवटी?"

खोटं बोलणं किती सोपं होतं!

"हो आई," बाई म्हणाल्या. "एकटाच होता."

आजीनं हंबरडा फोडला, वर्षात पहिल्यांदाच. दारात उभी असलेली भाची धावत आली आणि तिनं दोघींना घट्ट मिठी मारली.