खिडकीपाशी उभ्या बाईचे संवाद

मानवी मनाचा तळ आजवर एकाच कलाकृतीला गाठता आला आहे, असं मत दिगंबर रेगे यांनी मंगळवारी सकाळी पोहे खाता खाता मांडलं. त्यावर त्यांच्या पत्नी वैजयंती यांनी पाच वेळा तोंड उघडलं, पाच वेळा मिटलं, आणि आवाज आला नाही.

रेग्यांना यात घाबरण्यासारखं काही वाटलं नाही. परदेशी ॲनिमेशन चित्रमालिकांना मराठी संवाद लिहून देणं हा त्यांचा बावीस वर्षांचा धंदा. पडद्यावरचे ओठ जितक्यांदा उघडतील तितके उच्चार मराठीत बसवायचे. अर्थ जमला तर जमला. त्यांनी बोटांवर मोजलं आणि मनात म्हणाले, ‘चहा ठेवू का.’

लगेच वैजयंतींच्या आवाजात “चहा ठेवू का” असं ऐकू आलं. ओठ जुळले. चहा मात्र आला नाही.

ती कलाकृती म्हणजे ‘बंद खोलीतले दोघे’ ही तीस वर्षांपूर्वीची जपानी चित्रमालिका. एक मनोविकारतज्ज्ञ, त्याचा एक रुग्ण, आणि दोघांतला खुनी कोण हे दोघांनाही ठाऊक नाही. पहिले तेरा भाग ते टेबलाशी बसून एकमेकांकडे नुसते बघतात. कपातून वाफ निघते. बघता बघता आपल्याच हातून काहीतरी घडलंय अशी प्रेक्षकाची खात्री पटत जाते. कॉलेजात असताना हे पाहून रेगे तीन दिवस कुणाशी बोलले नव्हते, आणि त्या तीन दिवसांइतकं पुढे त्यांना काहीच आवडलं नाही.

चौदाव्या भागापासून सगळे बोलायला लागतात. खुनी समजावतो, पोलीस समजावतात, शेवटी शेवटी तर लिफ्टमनसुद्धा अपराधभावाचं मूळ समजावून देतो. चित्रकार थकलेले दिसतात. तोच ढग पुन्हा पुन्हा जातो. माणसं चालत नाहीत, सरकतात.

आणि डॉक्टरची बायको. ती सगळ्या सव्वीस भागांत खिडकीपाशी उभी असते. तिला तोंडं तीनच काढलेली आहेत: मिटलेलं, अर्धं आणि उघडं. ही मालिका मराठीत आणणाऱ्या कंपनीला दिलेल्या टिपणात रेग्यांनी लिहिलं होतं, ‘स्त्रीपात्राला वाव कमी. त्याने बिघडत काही नाही.’

बुधवारी वैजयंती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. पंखा बंद होता, तरी केस डावीकडून उजवीकडे हलत होते. रेगे दिवसभर मजकूर बसवत राहिले. ओठांच्या सात उघडझापा आल्या की ‘तुमचंच बरोबर आहे’ चपखल बसायचं. घरात इतकी शांतता लग्नापासून नांदली नव्हती. रेग्यांना वाटलं, हे आधीच व्हायला हवं होतं.

गुरुवारी उघडझापा वाढल्या. चौदा झाल्या, मग एकोणीस. इतकी मोठी वाक्यं रेग्यांना सुचेनात. ते सातच भरत, आणि उरलेल्या बारांत वैजयंतींचं तोंड रिकामंच हलत राही. रेगे साखरेचा डबा काढायला गेले तर हात भिंतीला लागला. डबे रंगवलेले होते. खिडकीबाहेर रस्ता नव्हता. दर आठ सेकंदांनी एक ढग जात होता. संध्याकाळपर्यंत घरात खोली एकच उरली.

शुक्रवारी वैजयंतींच्या हातात बॅग आली. ती भरताना त्या कुणाला दिसल्या नाहीत. आधीच्या चित्रात बॅग नव्हती, पुढच्यात होती.

तेव्हा मात्र रेग्यांनी स्टुडिओतल्या लोपीस रेकॉर्डिस्टला फोन लावला.

“मूळ ट्रॅक ऐकलात का, रेगेसाहेब?”

“मी मूळ ट्रॅक ऐकत नाही. उघडझापा मोजतो.”

“बावीस वर्षं?”

“लग्नाला चोवीस झाली.”

लोपीस हेडफोन आणि माइक घेऊन आला. वसईचा माणूस, चपला बाहेर काढून आला. “नमस्कार, वहिनी,” म्हणाला. वैजयंतींचं तोंड उघडायला लागलं, तसे रेगे सरसावले.

“तुम्ही जरा गप्प बसा हो,” लोपीस म्हणाला, आणि हेडफोन लावून ऐकत राहिला. मध्येच म्हणाला, “हो ना.” मग म्हणाला, “पंधरा वर्षं? कमाल आहे तुमची.” एकदा तर हसला. रेग्यांना आपली बायको गमतीशीर बोलू शकते ही माहिती नवी होती.

“घ्या, ऐका,” लोपीसने हेडफोन पुढे केला.

“मला जपानी कळत नाही.”

“वहिनी मराठीत बोलतायत.”

रेग्यांनी हेडफोन लावला. आत त्यांचा स्वतःचा आवाज होता. चहा ठेवू का. तुमचंच बरोबर आहे. तुमचंच बरोबर आहे. कुठे खरखर नव्हती.

“रेकॉर्डिंग छान झालंय,” ते सवयीने म्हणाले, आणि हेडफोन काढून खुर्चीवर बसले. “लोपीस, ती जाणार आहे का, तेवढं सांगा.”

“विचारा की त्यांनाच. समोर आहेत.”

रेगे खिडकीकडे वळले. “वैजू,” ते म्हणाले, “तू जाणार आहेस का?” यावेळी मनात काहीही म्हणायचं नाही, नुसतं ऐकायचं, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

वैजयंतींचं तोंड अकरा वेळा उघडलं. रेग्यांची बोटं त्यांना न विचारता मोजत गेली, आणि अकराव्याला वाक्य तयार होतं. आठवडाभरात इतकं नेमकं त्यांना सुचलं नव्हतं.

“छे हो, मी कुठे जाते, इथेच आहे,” वैजयंतींचा आवाज स्वच्छ म्हणाला. तोवर त्या बॅगेसकट फरशीवरून सरकत दारापर्यंत गेल्या होत्या.

“लोपीस, काय म्हणाली ती? खरं काय म्हणाली?”

लोपीस वायर गुंडाळत होता. “ओठ जुळले ना? मग झालं तर,” तो म्हणाला, आणि दाराकडे बघून हाक मारली, “वहिनी, थांबा, स्टेशनपर्यंत मीपण येतो.”

दार लागलं. बाहेर जिन्यात दोघांच्या बोलण्याचा आवाज आला, पण शब्द कळण्याइतका नाही. रेगे उठून कडी काढायला गेले. कडी दारावर रंगवलेली होती, आणि रंग बराच जुना होता.