तेवीस नंबरचं अंगण

गोदावरीबाईंनी अकोल्यात बावीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. तुळस डालड्याच्या डब्यात, पापड दुसऱ्यांच्या गच्चीवर आणि पाहुणा आला की घरमालकिणीच्या कपाळाला आठ्या. त्यांना स्वतःचं घर हवं होतं, बाकी देवाकडे काही मागणं नव्हतं. म्हणूनच एकोणसाठ साली गावाबाहेर वकील-मास्तरांची गृहनिर्माण संस्था निघाली आणि चिठ्ठीत तेवीस नंबरचा प्लॉट आला, तेव्हा त्यांनी आळीभर साखर वाटली.

वसाहतीचा नकाशा त्यांच्या यजमानांचाच. मोरोपंत निवृत्त ओव्हरसियर आणि भारी हट्टी माणूस. रस्ते त्यांनी पट्टी लावून सरळ काढले नाहीत, जमिनीच्या उतारानं वळवले. कडुनिंब एकही तोडू दिला नाही. अकोल्याचं ऊन पश्चिमेकडून भाजतं, म्हणून त्या बाजूला आधी रोपं लावून घेतली आणि मगच पाये खणू दिले. "घरं बांधायचीत की रान राखायचंय?" असं अध्यक्ष केशवराव वकील चारचौघांत म्हणाले. पंतांनी ते कानाआड केलं.

पण चूक झाली ती पंतांच्याच हातून. मोजणी त्यांनी भर चैत्रात केली, जमीन ठणठणीत कोरडी असताना. बाईंनी चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर स्वयंपाकघर आखलं, खिडकी कुठं, ओटा कुठं ते ठरवलं. श्रावणात चार दिवस झड लागली आणि वरच्या शेतांतलं सगळं पाणी त्या स्वयंपाकघरातून वाहत विहिरीकडे निघालं.

संस्थेला जमीन विकणारा नत्थुजी माळी बांधावर उभा होता. वसाहत त्याच्याच विहिरीचं पाणी पिणार होती.

"पंत, हे पानी माह्या बापाच्या टायमापासून असंच येते," तो म्हणाला. "इथं भर टाकली त ते मुडन अन् बाजूच्या शैलाबाईच्या घरात घुसन. मंग विहिरीतबी काय झिरपन?"

"चार गाड्या मुरूम टाका आणि मोकळे व्हा," केशवराव म्हणाले. "पाणी शोधेल आपली वाट."

दुसरा प्लॉट उरला नव्हता. चोवीस नंबरात शैलाबाई, विधवा मास्तरीण, पदरात दोन पोरं. तिच्या भिंती छतापर्यंत आल्या होत्या.

पंत घरी येऊन म्हणाले, "तू म्हणशील तसं."

"आत्ता विचारताय? नकाशा काढताना विचारलंत?" बाई कडाडल्या. लग्नाला तीस वर्षं झाली, आणि या माणसाला बायकोचं मत आठवलं ते नेमकं आज! चार दिवस त्यांनी अबोला धरला. पाचव्या दिवशी पंतांना वाढता वाढता त्यांनी पळी खाली ठेवली.

"नका टाकू मुरूम. ती शैलाबाई दर श्रावणात घरातलं पाणी उपसत बसेल आणि माझ्या घशाखाली घास उतरेल होय?"

एवढं बोलून त्या ढसाढसा रडल्या. पंत पाटावर बसूनच राहिले.

तेवीस नंबर मोकळाच राहिला. पंतांनी तिथं हिरवळ लावली, काठानं करंज लावले. विहीर उन्हाळ्यातही आटेनाशी झाली, वसाहतीतली पोरंटोरं तिथंच खेळू लागली, आणि केशवरावांची खुर्ची रोज संध्याकाळी तिथल्या सावलीत! गोदावरीबाईही दोन खोल्यांना कुलूप घालून मैलभर चालत यायच्या आणि फक्कीच्या रेघा होत्या त्या जागी पदर पसरून बसायच्या. पंत गेल्यावरही त्यांनी हा नेम मोडला नाही.

सहासष्ट साली एक नवी सून तिथं आली, चांदूर रेल्वेची विमल. सासर एकोणीस नंबरात. पोरीचा जीव अजून रमला नव्हता, डोळे रडून सुजलेले.

"काकू, तुमचं घर कोणतं हो?"

"हेच की," बाई म्हणाल्या. "बस. माझ्याच घरी आलीस."

विमलला ती थट्टा वाटली. पहिल्यांदाच हसली बिचारी आणि त्यांच्या शेजारी बसली. बाईंना भरून आलं.

"थांब हं, चहा टाकते," म्हणत त्या लगबगीनं उठल्या. आणि उठल्यावर त्यांना कळेना, जायचं कुठं.