भिजलेलं कवच

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. माझ्यावर कुणी कधी पेन्सिलीनं अक्षरं गिरवली नाहीत. माझं काम निराळंच होतं. पाठीवरच्या सॅकमध्ये, जिथे लॅपटॉप ठेवतात ना, त्या कप्प्यात मला सरकवायचं. पिस्तुलाची गोळी आलीच, तर ती मी अडवायची. इंग्रजीत मला 'इन्सर्ट' म्हणतात. पण सिंगापुरातल्या सेंगकांग भागातल्या ज्या घरात मी राहिले, तिथे सगळे मला पाटीच म्हणत.

माझा जन्म जुरोंग ईस्टमधल्या एका छोट्या कंपनीत झाला. पिवळ्या, चिवट धाग्याच्या कापडाचे अठ्ठावीस थर एकावर एक रचले, वर काळं आवरण चढवलं, कडा दुमडून शिवल्या, की झाले मी! हे आवरण बेतलं होतं अरुणानं. अरुणा पुण्याची. मटेरियल सायन्स शिकून इथे नोकरीला आलेली. आधीच्या पाट्यांच्या कडा वितळवून चिकटवलेल्या असत आणि त्या पाठीला टोचत. अरुणानं त्याऐवजी मऊ शिलाई घातली. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. माझ्यावर लेबल लागलं: वजन सहाशे वीस ग्रॅम, फक्त पिस्तुलाच्या गोळीसाठी, सुरी किंवा रायफलसाठी नाही. सिंगापुरात अशी वस्तू बाळगायची तर रीतसर परवानगी लागते. त्यामुळे माझ्यासोबत कायम एक कागद असे, आणि मला त्याचा कोण अभिमान!

अरुणाचा नवरा प्रतीक मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर होता. त्याचं जहाज जायचं ते समुद्र फार भले नव्हते. म्हणून कंपनीच्या परवानगीनं अरुणानं मला त्याच्या सॅकमध्ये घातलं.

"रोज पाठीवर ठेव," ती म्हणाली.

"जेवतानाही?"

"झोपतानाही."

आणि मी निघाले! दोन वर्षं मी जग पाहिलं. इंजिन रूमचा उकाडा सोसला, डेकवरचा खारा वारा खाल्ला, प्रतीकच्या घामानं चिंब झाले. एकदा एका परक्या बंदराबाहेर आमचं जहाज नांगरून उभं असताना भरदुपारी दोरखंड टाकून चार लुटारू वर चढले. त्यांनी हवेत दोन गोळ्या झाडल्या. प्रतीक आणि त्याचे सोबती कंट्रोल रूमचं दार लावून आत बसले. मी प्रतीकच्या पाठीला घट्ट चिकटले होते. त्याचं काळीज माझ्या थरांपर्यंत धडधडत होतं. 'ये,' मी मनात म्हणत होते, 'येच तू गोळी, तुझ्यासाठीच तर मी आहे!' पण लुटारू पेंटचे डबे आणि दोरखंड घेऊन पळून गेले. गोळी माझ्याकडे फिरकलीच नाही.

तरी माझं नाव झालं. प्रतीकनं सगळ्यांना सांगितलं, "ही पाठीशी होती म्हणून हातपाय गळाले नाहीत माझे." जहाजाच्या कॅप्टननं ते मालकांच्या कानावर घातलं, आणि मालकांनी थेट अरुणाच्या कंपनीकडे बेचाळीस पाट्या मागवल्या. प्रत्येक खलाशाला एक. केवढी ही ऐट! माझ्यामुळे माझ्या बेचाळीस बहिणी जन्माला आल्या होत्या.

जहाज सिंगापूरला लागलं. प्रतीक नऊ दिवसांसाठी घरी आला. पुढच्या शनिवारी त्याच जहाजानं त्याला पुन्हा निघायचं होतं, आणि पाट्यांचे खोकेही त्याच शनिवारी जहाजावर चढायचे होते. घरात नुसता आनंदीआनंद होता. त्यांची आठ वर्षांची लेक मैत्रेयी बाबाच्या गळ्यातून उतरायला तयार नव्हती. अरुणा त्याची सॅक रिकामी करत होती. कपडे, चार्जर, कोरडा खाऊ, आणि मग मी.

मला हातात घेतलं आणि ती थबकली.

"प्रतीक, ही जड लागतेय."

"दोन वर्षं माझ्याबरोबर खातेपितेय. सुटली असेल," तो हसला.

अरुणा हसली नाही. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा तिनं ओट्यावर मांडला. मला आडवं ठेवलं तर आकडेच झाकले जात. म्हणून तिनं काट्यावर वाटी पालथी घातली, आकडा शून्यावर आणला आणि वर मला तोललं. मैत्रेयीनं ओट्याला गाल टेकवून शाळेतल्या सिंगापुरी ढंगात आकडा वाचला.

"आई, सिक्स एटी-वन लाह!"

"नीट बघ."

"नीटच बघतेय. सिक्स, एट, वन!"

सहाशे एक्याऐंशी. लेबलापेक्षा एकसष्ट ग्रॅम जास्त. अरुणानं माझी खालची कड बोटांनी दाबली. सुई जिथे जिथे गेली होती, त्या बारीक भोकांतून पाण्याचे थेंब वर आले.

मित्रांनो, मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं. ओल तर मला कधी बोचली नव्हती. पण अरुणाचा चेहरा मी पाहिला. ज्या कापडानं मी बनले आहे, ते भिजलं की गोळी त्याच्या धाग्यांमधून निसटू शकते. म्हणूनच तर वरून आवरण असतं. आणि ते आवरण तिचं होतं.

"दोन वर्षं," प्रतीक हळूच म्हणाला, "मी हिच्या भरवशावर होतो."

"माझ्या भरवशावर होतास," अरुणा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन थेट साहेबांच्या टेबलाशी गेली. मिस्टर कोह हे पन्नाशीचे, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. खोके बांधून तयार होते. लेबलं लागली होती.

"सर्टिफिकेट आहे," ते म्हणाले.

"कोरड्या पाटीचं आहे, सर. आपण भिजवून चाचणी कधी घेतलीच नाही."

"एक जुनी पाटी भिजली, म्हणून शनिवारचा माल अडवायचा? आणि शिलाई तर तुझीच ना?"

"हो, माझीच. म्हणूनच सांगतेय. आधी नव्या पाटीवर गोळी झाडून बघा, मग हिच्यावर. दोन्ही गोळ्या थांबल्या तर खोके जाऊ द्या, मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

नोकरी गेली तर इथे राहायचा पास जाणार, पास गेला तर सेंगकांगचं घर आणि मैत्रेयीची शाळा सगळंच सुटणार, हे तिला ठाऊक होतं. मिस्टर कोहनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ओके," ते म्हणाले. "मंडे."

सोमवारी सकाळी आम्ही चाचणीच्या जागी पोहोचलो. जाड भिंतींची लांबट खोली. एका टोकाला पक्की बसवलेली पिस्तुलाची नळी. दुसऱ्या टोकाला चौकट, आणि चौकटीत करड्या चिकणमातीचा मोठा ठोकळा. हा ठोकळा म्हणजे माणसाची पाठ समजायची. त्याला टेकवून पाटी बांधतात. माणसं सगळी जाड काचेपलीकडे.

आधी चाचणीसाठी जादा बनवलेली नवीकोरी बहीण चढली. धाड! खोली दणाणली. तंत्रज्ञानं तिला सोडवलं. गोळी सातव्या थरात चेपून बसली होती. मातीला नुसता खळगा पडला होता. काचेपलीकडे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मीही आतून मोहरून गेले. आता माझी पाळी! दोन वर्षं जिची वाट पाहिली, ती आज येणार होती!

मला बांधलं. पट्टे आवळले. समोर ते काळं, गोल तोंड. अरुणानं काचेवर तळहात टेकवला होता.

धाड!

मला काही लागल्यासारखं वाटलंच नाही. एक चटका, आणि मग पाठीमागून वारा. पाठीमागून वारा कसा येईल? तंत्रज्ञ आला, त्यानं मला उचललं, आणि माझ्यातून पलीकडचा दिवा दिसला.

मिस्टर कोह आत आले. त्यांनी मातीच्या भोकात बोट घातलं. ते मुळापर्यंत आत गेलं, तरी गोळी हाताला लागली नाही. बोट बाहेर काढून ते बराच वेळ त्यावरच्या मातीकडे पाहत राहिले.

"तुझा नवरा हे पाठीवर घेऊन फिरत होता?" त्यांनी विचारलं.

अरुणानं होकारार्थी मान हलवली.

"खोके जाणार नाहीत," ते म्हणाले. "पण जहाज शनिवारीच सुटणार. पाच दिवस आहेत. जमेल ना? कॅन?"

"कॅन!" अरुणा म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती.

मित्रांनो, ते पाच दिवस काय सांगू! बेचाळीस आवरणं उसवली. अरुणानं कडा पुन्हा वितळवून बंद करायला घेतल्या, आणि टोचू नयेत म्हणून बाहेरून मऊ फोमची किनार लावायची युक्ती काढली. पहिल्या कडा जळाल्या. दुसऱ्या सुटल्या. सुट्टीवरचा प्रतीक स्वतः येऊन यंत्रापाशी उभा राहिला. इंजिनच्या पाइपांना सील लावता लावता त्याचे हात तयार झालेले. यंत्राची उष्णता कमी करून दाब जास्त वेळ ठेवू या, असं त्यानंच सुचवलं, आणि कडा जुळली! मिस्टर कोह बाह्या सरसावून पाट्या दुमडून बघत होते, हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यांवरून सगळ्यांसाठी चिकन राइस आणत होते. अरुणासाठी न विसरता व्हेज बी हून, म्हणजे भाज्या घातलेल्या तांदळाच्या शेवया.

शुक्रवारी नव्या किनारीच्या दुसऱ्या जादा पाटीला आधी शंभर वेळा वाकवलं, मग दोन तास पाण्याच्या फवाऱ्याखाली धरलं आणि चौकटीत बांधलं. मी कोपऱ्यात टेकून पाहत होते. धाड! गोळी आठव्या थरात अडकली. दुसरी! अडकली. तिसरी! तीही अडकली! अरुणा मटकन खाली बसली. मिस्टर कोहनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी मिठी मारली असावी, आणि तो माणूस निघाला प्रतीक.

शनिवारी सकाळी प्रतीक खोक्यांसोबत लाँचमध्ये चढला. मैत्रेयी धक्क्यावरून ओरडत होती, "बाबा, ही पाटी भिजवू नको हं!"

"भिजवली तरी चालेल आता!" तो ओरडला, आणि लाँच मोठ्या जहाजांच्या दिशेनं निघून गेली.

मी मागेच राहिले. गोळी खाल्लेली पाटी पुन्हा कधीच वापरायची नसते. काही महिने मी एका कपाटावर धूळ खात पडले. मी हरले, असंच मला वाटायचं. माझ्या जातीची पाटी गोळी अडवण्यासाठी असते, आणि मी एकुलती एक गोळीही अडवू शकले नाही.

मग एक दिवस अरुणानं मला पुसलं आणि कंपनीच्या दारासमोर भिंतीवर लावलं. आता इथे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्या दिवशी माझ्यासमोर उभं करते. मागच्या महिन्यात रुचिर नावाचा नवा इंजिनिअर आला. माझं भोक पाहून तो हसला.

"बापरे! हे कुणी डिझाइन केलं होतं?"

"मी," अरुणा म्हणाली.

त्याचं हसू जागच्या जागी विरलं. अरुणानं त्याचं बोट धरून माझ्यातून आरपार नेलं. "हे भोक कुणाच्या पाठीत न पडता मातीत पडलं," ती म्हणाली, "कारण गोळी कुणाला लागायच्या आत आपण विचारलं. थोडक्यात वाचलो."

मित्रांनो, तुमच्याकडेही भरवशाच्या वस्तू असतील. बोटीतलं लाइफ जॅकेट असेल, सायकलचं हेल्मेट असेल, घरातली आग विझवायची नळकांडी असेल. त्यांचं कौतुक नंतर करा. आधी त्या उघडून पाहा, शिलाई दाबून पाहा, तारीख वाचा. आणि काही खोट आढळली, तर ती आपलीच आहे म्हणून झाकू नका. मी गोळी अडवली नाही, हे खरं. पण ज्या दिवशी ती माझ्यातून पार गेली, त्या दिवशी माझ्यामागे कुणाचीच पाठ नव्हती. याहून मोठं भाग्य मला नको.