हात सोडायचा नाही

त्या शहरात विद्यापीठ होतं म्हणून विद्यार्थी सांस्कृतिक केंद्र होतं, पण केंद्रातल्या मंडळींची समजूत नेमकी उलटी होती. आपण आहोत म्हणून विद्यापीठाला शोभा आहे, असं तिथला रखवालदारसुद्धा मानायचा. तळमजल्यावर सिनेमावाले एकमेकांशी भांडत, मधल्या मजल्यावर नाटकवाले एकमेकांवर रुसत, आणि सगळ्यात वर, लाकडी जमिनीच्या लांब खोलीत, ओलिवेरा पोरांना लोकनृत्य शिकवायची. खालचे लोक वरच्यांना 'धाडधाड कंपनी' म्हणत. छताचा गिलावा त्यांच्या कॉफीत पडायचा, त्यामुळे त्या नावात थोडा खरा रागही होता.

मोरावा नदीकाठच्या खेड्यांतून शिकायला आलेली पोरं शहरात बुजलेली असत. कुणी त्यांच्या बोलण्याला हसे, कुणी बुटांना. मग कुणीतरी त्यांना वर घेऊन येई, आणि गावच्या लग्नात आपण जो कोलो नाचायचो तोच इथे कला म्हणून नाचतात हे बघून त्यांची मान पहिल्यांदा ताठ होई. कोलो म्हणजे हातात हात गुंफलेली लांब साखळी. सगळ्यात पुढे असतो तो नेणारा. तो वळेल तिकडे साखळी वळते, मग तो अंगणात फिरवो नाहीतर रस्त्यावर नेवो.

ओलिवेराचा नियम एकच. "पाय चुकला तर चालेल, ताल मी बघून घेईन. हात सोडायचा नाही. एकाने सोडला की दहा जण पडतात." वीस वर्षं ती हेच ओरडत आली होती. तिचा आवाज तळमजल्यापर्यंत जायचा आणि सिनेमावाले खालून तिची नक्कल करायचे.

एक्क्याण्णव सालच्या शरदात मात्र साखळी आपोआपच विरळ होऊ लागली. झाग्रेबची एक मुलगी सुट्टीला गेली ती परतलीच नाही. कुणाला एकदम जर्मनीतली बहीण आठवली. देश तुटायला लागला होता, दान्यूब नदीकाठी लढाई पेटली होती आणि वसतिगृहात लष्कराचे निरोपे यायला लागले होते. अशात वितोमिरचा एक पेपर राहिला, त्याबरोबर वर्ष गेलं, आणि वर्षाबरोबर विद्यार्थी म्हणून लष्करातून मिळालेली सूटही गेली. गावाकडच्या घरी त्याच्या नावाचं बोलावणं येऊन पडलं.

वितोमिर हा तिचा नेणारा. वीस वर्षांचा, लांब हाताचा, एरवी चार शब्द बोलायचे तर घाम फुटणारा, पण साखळीच्या पुढे उभा राहिला की बघत राहावं असा. तो वसतिगृह सोडून केंद्रातल्या कपड्यांच्या खोलीत येऊन राहिला. तिथे देशाच्या सगळ्या प्रांतांचे पोशाख, मॅसेडोनियाच्या घोंगड्या, बोस्नियाची जाकिटं, स्लाव्होनियाचे भरतकामाचे झगे एकाच दांडीवर लटकत होते. त्या खोलीत अजून कुणी कुणाशी भांडत नव्हतं. मेंढीच्या कातड्याच्या कोटांमागे गादी टाकून तो झोपायचा. सीमेपलीकडे, शेजारच्या देशातल्या सेगेद शहरातला एक नृत्यसंघ दरवर्षी केंद्राचा पाहुणा असायचा. त्यांच्या प्रमुखाने ओलिवेराला फोनवर सांगितलं होतं, आण त्याला, आमच्याकडे जागा आहे. पुढच्या सोमवारी ती त्याला स्वतःच्या गाडीने नेणार होती. तिला मूलबाळ नव्हतं आणि ते कुणी बोलून दाखवलेलं तिला खपत नसे, पण या एका पोराला आपण वाचवायचंच, असं तिनं मनाशी धरलं होतं.

आणि गुरुवारी, ऐन तालमीत, त्याचे वडील आले.

स्वेतोलिक टोपी हातात धरून दारात उभे राहिले. लाकडी जमिनीवर बुटांनी यावं की नाही, हे त्यांना कळेना. जिन्यावर पावलं वाजताच वितोमिर आत कोटांमागे पळाला होता. कपड्यांच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता.

"बाई, आमचा वितोमिर इथं आहे का?"

"नाही हो दादा. दोन आठवड्यांत फिरकला नाही." खोटं बोलायची सवय नसलेली माणसं बोलतात तशी ती भराभर बोलली. "आम्हीच शोधतोय त्याला."

स्वेतोलिकांनी मान हलवली. ते तिच्याकडे बघत नव्हते. बोलायला लागले ते जणू टोपीशीच.

"रविवारी त्याच्या निरोपाचा मांडव आहे, लष्करात जायच्या आधीचा. सगळा गाव यायचाय. बँड सांगितला, डुकरं कापली, त्याची आई तीन दिवस चुलीपुढं आहे. माझ्या निरोपाला माझ्या बापानं असाच मांडव घातला होता, त्याच्या निरोपाला त्याच्या बापानं. आता मांडव आहे आन् पोरगाच नाही म्हटल्यावर मी काय करू? बँडवाल्यांना काय सांगू, कुणासाठी वाजवा?"

"दादा, तिकडे लढाई चाललीय."

"मला काय दिसत नाही होय? टीव्ही माझ्याकडं पण आहे." मग आवाज खाली आला. "मी त्याला जा म्हणत नाही. राहा बी म्हणत नाही. मला त्यातलं काय कळतं? एवढंच म्हणतो, एकदा मांडवात येऊन तोंड दाखव. आईला जवळ घे. मग तुझं तू बघ."

त्यांनी काखेतलं वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. "सदरा आहे. आईनं शिवलाय. दिसला तर द्या." आणि एकदा पडद्याकडे बघून ते जिना उतरून गेले.

ते रागावले असते, ओरडले असते, तर ओलिवेराने त्यांना सहज परतवलं असतं. भांडणाऱ्या माणसांचा तिला सराव होता. या माणसापुढे काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

वितोमिर बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांना कोटाची लोकर चिकटली होती. त्याने पुडकं सोडलं, सदरा नाकाला लावला आणि म्हणाला, "बाई, मी जातो रविवारी."

"जा की!" यागोदा कडाडली. ती डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला, कोलोत नेहमी त्याच्या शेजारी नाचणारी. जिभेला हाड नसलेली पोरगी. "जा, आणि लष्करवाल्यांनाही पान वाढा म्हणावं. त्यांना शोधत फिरायला नको, बँडच्या आवाजावर येतील. मेंढरूसुद्धा स्वतःच्या पायाने खाटकाकडे जात नाही, वितो."

"माझ्या निरोपाच्या मांडवात मीच नसेन, तर अण्णा गावात तोंड कसं दाखवतील?"

"आणि तू मेलास तर कसं दाखवतील?"

दोघं ओलिवेराकडे बघायला लागले. इथे तिने नाही म्हणायचं होतं. नाही म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं, तो तिच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता. पण ती पण त्याच मातीतली. पोराविना निरोपाचा मांडव तिच्याही डोळ्यांपुढे उभा राहिला, रिकाम्या खुर्चीपुढे वाढलेलं पान, खाली मान घालून बसलेली आई, आणि तिच्या तोंडून नाही निघेना. मग धड नाही म्हणवत नाही, धड हो म्हणवत नाही, असं असताना हुशार माणसं करतात तेच तिने केलं. युक्ती काढली.

"निरोपाचा कोलो कोण नेतो?"

"ज्याचा निरोप, तो," वितोमिर म्हणाला.

"मग तू नेशील तिकडे तो जाईल. मांडवातून अंगणात आण, अंगणातून फाटकाबाहेर गल्लीत. तिथे माझी गाडी चालू ठेवून मी बसलेली असेन. यागोदा तुझ्या शेजारी. गाडीपाशी आलास की तू हात सोड, ती पुढे होईल आणि साखळी घेऊन परत आत जाईल. लोकांना कळेपर्यंत आपण हमरस्त्याला लागू. सोमवारऐवजी रविवारीच सेगेद."

यागोदाने तोंड वाकडं केलं, पण तिलाही त्यातली गंमत आवडली. त्यांनी त्याच संध्याकाळी तालीम केली. खुर्ची म्हणजे गाडी. वितोमिर हात सोडून खुर्चीत बसे, यागोदा पुढे होई, आणि साखळीला धक्कासुद्धा लागत नसे. ओलिवेराला फार दिवसांनी बरं वाटलं. आपण काहीतरी करू शकतो, असं वाटलं की माणसाला फार लवकर बरं वाटतं.

रविवारी दुपारी मांडव गच्च भरला होता. राकिया दारूच्या बाटल्या हातोहात फिरत होत्या, भाजक्या डुकराचे थाळे येत होते, बँडवाले पाहुण्यांच्या कानात वाजवत होते. वितोमिर नव्या सदऱ्यात, खांद्यांवर नातेवाइकांनी बांधलेले भरतकामाचे टॉवेल घेऊन टेबलाच्या मध्यभागी बसला होता. आई त्याच्या मागे उभी होती आणि त्याच्या पाठीवरचा हात काढत नव्हती. एक म्हातारा ओलिवेराला म्हणाला, "तुम्हीच का त्या शहरातल्या बाई? आमच्या पोराला आमचाच नाच शिकवला म्हणे! आता मासे पण पोहायला शिकायला तुमच्याकडे पाठवतो." सगळे हसले, तीही हसली. वितोमिरची बॅग तिने सकाळीच गाडीत टाकली होती.

सावल्या लांबल्या तशी कोलोची हाकाटी झाली. ओलिवेरा उठून गल्लीत गेली. आपल्या जुन्या, पेटीएवढ्या फिचा गाडीत बसून तिने इंजिन चालू केलं आणि पलीकडचं दार नुसतं टेकवून ठेवलं. फाटकातून आतलं सगळं दिसत होतं. वितोमिर पुढे, हातात पांढरा टॉवेल. शेजारी यागोदा. मागे सगळा गाव.

तेवढ्यात स्वेतोलिक उठले. ते यागोदापाशी आले, काहीतरी बोलले, हसले. यागोदाने एकवार फाटकाकडे पाहिलं. बाप पोराचा हात मागत असताना कोण नाही म्हणणार? ती बाजूला सरकली आणि वितोमिरच्या उजव्या हातात बापाचा हात आला.

बँड सुरू झाला.

वितोमिरने ठरल्याप्रमाणे सगळं केलं. मांडवाला वळसा घातला, अंगणात आला, फाटकातून गल्लीत. पाऊल इतकं सुरेख पडत होतं की ओलिवेराला त्या क्षणीही अभिमान वाटला, आणि अभिमान वाटल्याची लाज वाटली. तो गाडीपाशी आला. दोन हातांवर दार होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या मागे स्वेतोलिक जड पायांनी नाचत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात पोरगा होता आणि दुसऱ्यात यागोदा.

"सोड," ओलिवेरा म्हणाली. बँड वाजत होता. "वितो, हात सोड!"

तो पुढे गेला.

तो पुन्हा अंगणातून फिरून आला. पुन्हा गाडी, पुन्हा दार. या खेपेला त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही, पायांकडे पाहिलं. तिने आतून दार ढकलून सताड उघडलं. बाप पडला असता, हे तिला दिसत होतं. नुसता अडखळून नव्हे, सगळ्या गावादेखत, मोकळा हात पुढे धरून. वीस वर्षं तिने हेच शिकवलं होतं, आणि ते या पोराला सगळ्यांत चांगलं आलं होतं.

तिसऱ्या फेरीला साखळीचं शेपूट गाडीपाशी आलं. शेवटच्या म्हातारीने गाडीत वाकून तिचं मनगट धरलं. "अगं ये की! निरोपाला आलीस आणि गाडीत काय बसतेस?" ओलिवेरा बाहेर ओढली गेली. तिला तो हात झटकता आला नाही. पावलं आपोआप पडू लागली, तालावर, एकही न चुकता. पुढे लांबवर वितोमिरचा पांढरा टॉवेल फाटकातून आत गेला, आणि साखळीपाठोपाठ तीही गेली. मागे गाडी चालूच राहिली.

सोमवारी सकाळी वितोमिर लष्कराच्या बसमध्ये चढला.

नोव्हेंबरात केंद्र गारठलं होतं. खोल्या गरम ठेवणारे नळ बंद होते, सिनेमावाले ओव्हरकोट घालून भांडत होते. ओलिवेराची तालीम चालू होती, म्हणजे सात मुली आणि एक पायाने अधू मुलगा. यागोदा तिच्याशी बोलत नव्हती, पण येत होती. दारात कुणीतरी उभं राहिलं म्हणून ओलिवेराने वळून पाहिलं. स्वेतोलिक होते. टोपी हातात.

"बाई," ते म्हणाले, "वितोमिर इथं आहे का?"

कोपऱ्यात वाजणारी पेटी थांबली.

"दादा..."

"छावणीवाले म्हणतात, त्यांच्याकडं नाही. दवाखान्यातबी नाही. मेलेल्यांत नाही, पकडलेल्यांत नाही. कुठंच नाही म्हणतात. असं कसं असेल? कुठंतरी असणारच की." त्यांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. "कोलोत त्याचा हात सारखा ढिला पडायचा. मला वाटलं, दमला पोरगा. म्हणून मी घट्ट धरला. नंतर कळलं मला, गाडी कशाला होती ते."

मीच जाऊ दिलं, मीच युक्ती काढली, हे ओलिवेराने सांगून तरी या माणसाच्या हातात काय पडणार होतं?

"तो इथं नाही, दादा."

"मागच्या खेपेला बी तुम्ही नाहीच म्हणाला होतात." ते रागाने बोलत नव्हते, उलट थोडे हसले. "आन् पडद्याखाली त्याचे बूट दिसत होते मला."

ते वाट बघत होते. या खेपेलाही ती खोटंच बोलत असावी, एवढीच आशा.

ओलिवेरा जमीन ओलांडून कपड्यांच्या खोलीपाशी गेली आणि तिने पडदा बाजूला केला. कोट होते. तिने ते एकेक करून दांडीवर सरकवले, अगदी भिंत दिसेपर्यंत. मागे गादी तशीच होती, तिने ती उचलू दिली नव्हती. स्वेतोलिक बूट काढून लाकडी जमिनीवरून चालत आले आणि आत गेले.